मोबाइलमधला खेळ आणा टेबलावर

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी नववीतल्या आमच्या चिरंजिवांच्या हातातला मोबाइल सुटत नव्हता. दोनदा सांगून झाले. तिसऱ्यांदा मी तो सरळ ओढूनच घेतला.

"अगं आई, मी नियम वाचतोय! उद्या दुपारी सगळे खेळायला येणार आहेत आणि मला सूत्रधार व्हायचंय," तो कळवळून म्हणाला.

माझा अर्थातच विश्वास बसला नाही. मोबाइलवर रात्री नियम वाचत बसलेला मुलगा कोणत्या आईने पाहिला आहे? पण पडद्यावर नजर टाकली तर खरोखरच बारीक इंग्रजी अक्षरांतले एक पुस्तक उघडलेले होते. दोन बोटांनी अक्षर मोठे करायचे, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवायची, मग पुढची ओळ शोधायची, असे त्याचे वाचन चालले होते. वरून मित्रांचे निरोप टपकत होते ते वेगळेच. मी मोबाइल परत केला. माफी मात्र मागितली नाही, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाभोवती पाच मुले बसली. खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांतच अडला. कोणाला तरी एक नियम पाहायचा होता. पुस्तक एकाच मोबाइलमध्ये, त्यामुळे तो मोबाइल हातोहात फिरू लागला. तेवढ्यात एकाने आपला मोबाइल काढून क्रिकेटचा स्कोअर पाहिला, दुसऱ्याने कोणाला तरी उत्तर पाठवले. मोबाइल चार्जिंगला लावला तर वायर टेबलापर्यंत पोहोचेना. तासाभरात पाचही मुले पाच कोपऱ्यांत पाच पडद्यांवर डोळे लावून बसली होती. सहावीतली आमची लेक तेवढी टेबलाशी हातात फासे घेऊन बसून राहिली.

तिचा तो चेहरा पाहून मी ठरवले की हे पुस्तक कागदावर आणायचे. पुढच्या आठ दिवसांत आम्ही काय केले, काय चुकवले आणि काय शिकलो, ते इथे सांगते आहे. आमच्यासारखीच मुले आज अनेक घरांत आहेत.

हा खेळ आहे तरी काय?

इंग्रजीत यांना 'टेबलटॉप रोल प्लेइंग गेम' म्हणतात. सापशिडी किंवा ल्यूडोसारखा यात पट नसतो. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. सूत्रधार प्रसंग सांगतो: तुम्ही जंगलातल्या पडक्या वाड्याच्या दारात उभे आहात, आतून दिव्याचा उजेड येतो आहे, काय कराल? खेळाडू आपापले पात्र काय करील ते बोलून सांगतात. ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असतो, तिथे फासा टाकायचा. फाशाचा अर्थ कसा लावायचा, जखम किती झाली, ओझे किती उचलता येते, हे नियमपुस्तकात असते. म्हणजे खेळात पुस्तक, फासे, पेन्सिली आणि माणसे, एवढेच साहित्य लागते.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये सुटली होती आणि संसार चालवण्यासाठी ते घरी बूट दुरुस्त करीत. पुढे डॉन के या बालमित्राबरोबर त्यांनी १९७३ मध्ये छोटी कंपनी काढली. पहिल्या आवृत्तीत १,००० खोकी निघाली, प्रत्येक खोक्यात तीन लहान पुस्तिका. किंमत १० डॉलर. ही खोकी गायगॅक्स यांच्या घरीच हाताने जुळवून भरली गेली आणि वर्षाच्या आत संपली.

आणि त्या पुस्तिका कशा होत्या? साधा कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारलेल्या. आज जगभर पसरलेला हा खेळ मुळात शाळेच्या वहीएवढ्या पुस्तिकांतूनच लोकांच्या हाती गेला. म्हणून पीडीएफमधले पुस्तक घरी दुमडून शिवायचे, यात काही जगावेगळे नाही.

पालकांना या खेळाची थोडी धास्ती वाटते, हेही खरे. अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळामुळे मुले बिघडतात, जिवाचे बरेवाईट करून घेतात, अशी मोठी ओरड झाली होती. पुढे झालेल्या अभ्यासांत तसा कार्यकारणसंबंध आढळला नाही. माझे मत विचाराल तर मूल काय खेळते ते दिसत नाही तोवरच भीती असते. टेबलावर पडलेली पुस्तिका आईलाही उचलून चाळता येते. मोबाइल उचलला की भांडण होते.

पुस्तक लहान निवडा

पहिली चूक आम्ही इथेच केली. मुलाला सगळ्यांत मोठे पुस्तक छापायचे होते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी मोकळा केला. परवान्याच्या अटी बदलण्याचा कंपनीचा बेत बाहेर फुटला होता, त्यावर खेळाडूंनी गदारोळ केला आणि त्यानंतर हा निर्णय झाला. पुस्तक फुकट, मग छापायला काय हरकत आहे, असे चिरंजिवांचे म्हणणे. हरकत एकच होती: त्याची ४०३ पृष्ठे आहेत. शाईचा खर्च सोडा, एवढे जाड पुस्तक दुमडून मधोमध शिवताच येत नाही.

शोधताना लक्षात आले की लहान पुस्तिकांतले उत्तम खेळही पुष्कळ आहेत. जॉन हार्पर यांचा २०१३ मधला 'लेझर्स अँड फीलिंग्ज' तर अवघ्या एका पानाचा आहे. अंतराळयानाची गोष्ट. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. काम बुद्धीचे असेल तर फाशावर त्याहून कमी पडायला हवे, भावनेचे असेल तर त्याहून जास्त. एका आकड्यात माणसाचा स्वभाव! हा खेळ छापायला एक कागद पुरतो आणि शिवायचा प्रश्नच येत नाही. नवख्या घराने सुरुवात यानेच करावी.

आम्ही निवडला तो योचाई गाल यांचा 'केर्न', म्हणजे दगडांची रास. २०२० मध्ये निघालेल्या या खेळात एक गूढ, अंधारे अरण्य आहे आणि नियम दोन डझन पृष्ठांच्या आसपास आटोपतात. प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई आणि मनोबल असे तीन गुण. तीन फाशांची बेरीज करून ते ठरवायचे. संकट आले की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा त्या गुणाएवढा किंवा कमी आला तर निभावले. मला सगळ्यांत आवडला तो सामानाचा नियम. प्रत्येकाकडे दहाच खण. दोर, कंदील, शिधा, तलवार, सगळे दहा खणांत बसवायचे. अवजड वस्तूला दोन खण लागतात. दहाही खण भरले तर माणूस इतका अवघडतो की त्याची बचावाची शक्ती शून्यावर येते. प्रवासाला निघताना बॅग भरणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हा नियम आपला वाटेल.

परवान्याविषयी दोन शब्द. 'केर्न'चा मजकूरही खुल्या परवान्याखाली आहे. कर्त्याचे नाव देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून तो छापता येतो, त्याचे भाषांतरही करता येते. विकत घेतलेल्या पीडीएफची गोष्ट वेगळी. अनेक प्रकाशक पहिल्या किंवा शेवटच्या पृष्ठावर 'स्वतःच्या वापरासाठी एक प्रत छापण्यास परवानगी' असे लिहितात. ती ओळ शोधावी आणि दुकानात छपाईला जाताना दाखवावी. पण मित्रमंडळींत दहा प्रती काढून वाटणे किंवा चोरून उतरवलेली फाइल छापणे मुलांना करू देऊ नका. हे खेळ लिहिणारे पुष्कळदा एकटेदुकटे लेखक असतात आणि त्यांच्या पुस्तिकेची किंमत एखाद्या सिनेमाच्या तिकिटाएवढी असते.

अक्षर वाचता येईल ना?

छापण्याआधी पीडीएफच्या पानाचा आकार पाहून घ्या. बहुतेक लोक हे पाहत नाहीत आणि मग भिंग घेऊन बसतात.

अमेरिकेत ए-फोर कागद वापरत नाहीत. तिथला 'लेटर' कागद २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ मिलिमीटर उंच असतो, आपला ए-फोर २१० आणि २९७. ए-फोर मधोमध दुमडला की ए-फाइव्ह होतो, १४८ बाय २१० मिलिमीटर. आता पूर्ण लेटर आकाराचे पृष्ठ या अर्ध्या आकारात बसवायचे तर ते ६८-६९ टक्क्यांपर्यंत लहान करावे लागते. मूळ अक्षर १० पॉइंटचे असेल तर ते सातच्याही खाली जाते. आमच्या सासूबाईंनी तो नमुना पाहून म्हटले, "हे औषधाच्या बाटलीवरचं आहे का?"

याउलट अनेक छोट्या खेळांची पुस्तके मुळातच लेटरच्या अर्ध्या आकारात किंवा ए-फाइव्ह आकारात रचलेली असतात. अर्धा लेटर म्हणजे सुमारे १४० बाय २१६. तो ए-फाइव्हवर जेमतेम तीन टक्के लहान होतो आणि अक्षराला धक्का लागत नाही. पुस्तिका करायची तर अशीच पुस्तके निवडावीत. मोठ्या आकाराची, दोन स्तंभांची पुस्तके ए-फोरवर पूर्ण आकारात छापून कडेला स्पायरल करून घेतलेली बरी.

दुसरी काळजी शाईची. या पुस्तकांना पृष्ठभर जुन्या चर्मपत्रासारखा पिवळट रंग देण्याची फार हौस असते. पडद्यावर ते छान दिसते, पण छापताना तोच रंग शाई पितो. काही प्रकाशक छपाईसाठी वेगळी, साधी प्रत देतात. ती असेल तर तीच घ्या. नसेल तर निदान कृष्णधवल छपाई निवडा. शाईच्या प्रिंटरवर छापलेल्या कागदाला ओला हात लागला तर अक्षर फुटू शकते, लेझर प्रिंटरची छपाई तशी फुटत नाही. मुले खेळताना चिवडा खाणार आणि सरबत सांडणार, हे गृहीत धरून मी दुसरी प्रत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर काढली.

पानांचे गणित

एक ए-फोर कागद दुमडला की चार पृष्ठे होतात. म्हणून पुस्तिकेची एकूण पृष्ठे नेहमी चारच्या पटीत असावी लागतात. आमची मुखपृष्ठ वगळून २२ भरली. मग शेवटी दोन कोरी धरून २४ केली, म्हणजे सहा कागद.

गंमत पुढे आहे. पृष्ठे छापताना १, २, ३ अशी क्रमाने छापून चालत नाही. सहा कागद एकात एक घातले की सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला २४ आणि १ येतात, त्याच्या पाठीमागे २ आणि २३. त्याच्या आतल्या कागदावर २२ आणि ३, पाठीमागे ४ आणि २१. असे करत करत अगदी मधल्या कागदाच्या आत १२ आणि १३ समोरासमोर येतात. कागदाच्या कोणत्याही बाजूवरच्या दोन पृष्ठांची बेरीज करा, ती २५ च येईल. पुस्तिका कितीही पृष्ठांची असो, एकूण पृष्ठांत एक मिळवला की ही बेरीज मिळते. लेकीला मी सहा कोरे कागद दुमडून पेन्सिलीने आकडे घालायला लावले. गणिताच्या पुस्तकाकडे न पाहणारी ती पोरगी तासभर निरनिराळ्या पृष्ठसंख्यांच्या बेरजा जुळवत बसली होती.

हे गणित हाताने करावे लागत नाही म्हणा. संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये पीडीएफ उघडून प्रिंटची आज्ञा दिली की जी चौकट येते, तीत 'बुकलेट' असा पर्याय असतो. तो निवडला की पृष्ठांची जुळणी आपोआप होते. डाव्या बाजूची बांधणी निवडा. कागदाचा आकार ए-फोर आहे ना, हे प्रिंटरच्या पर्यायांत स्वतः तपासा, कारण तिथे पुष्कळदा लेटर ठरलेला असतो आणि मग कडा कापल्या जातात. प्रिंटर आपोआप दोन्ही बाजू छापणारा असेल तर 'आखूड कडेवर उलटा' हा पर्याय हवा. साधा प्रिंटर असेल तर आधी फक्त पुढच्या बाजू छापायच्या, गठ्ठा तसाच पुन्हा ट्रेमध्ये ठेवायचा आणि मग मागच्या बाजू.

हा गठ्ठा पुन्हा ठेवणे हेच खरे दुखणे. आमच्या पहिल्या प्रयत्नात निम्मी पृष्ठे शीर्षासन करत होती. दुसऱ्या प्रयत्नात सरळ आली, पण क्रम उलटा. प्रत्येक प्रिंटर कागद आपापल्या रीतीने पलटतो आणि ते पुस्तक वाचून कळत नाही. उपाय सोपा आहे. आधी आठच पृष्ठे, म्हणजे दोन कागद छापून पाहा. कोऱ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढा, तो कुठे आणि कोणत्या दिशेने बाहेर येतो ते पाहा आणि तसे प्रिंटरवरच चिकटपट्टीने लिहून ठेवा. आमच्या प्रिंटरवर ती चिठ्ठी अजून आहे.

घडी, दाभण आणि दोरा

आतल्या पृष्ठांना ७५ किंवा ८० जीएसएमचा नेहमीचा कागद चालतो. मुखपृष्ठाला जाड ड्रॉइंगचा कागद किंवा कार्डशीट घ्या. घरचा प्रिंटर फार जाड कागद ओढत नाही, म्हणून मुलांनी मुखपृष्ठ हातानेच रंगवले. वरून शाळेच्या पुस्तकांना घालतो तसे खाकी कव्हर.

कागदाला धागा असतो, हे मला या निमित्ताने कळले. वर्तमानपत्र फाडून पाहा, एका दिशेने सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. नेहमीच्या ए-फोर कागदाचा धागा बहुधा लांबीच्या दिशेने असतो आणि आपली घडी त्याला आडवी पडते. त्यामुळे पुस्तिका फुगून उघडी राहते. म्हणून सहाही कागद एकदम दुमडू नयेत. दोन-दोन दुमडावेत, घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवावी, मग एकात एक घालून रात्रभर पाटा किंवा जाड पुस्तकांचा ढीग वर ठेवावा. सकाळी पुस्तिका शहाण्यासारखी मिटलेली असते.

आता बांधणी. घरातला स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही. युक्ती अशी की पुस्तिका उघडून थर्मोकोलच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पालथी ठेवायची, स्टेपलर पूर्ण उघडून घडीवर पिन मारायची, मग पुस्तिका अलगद उचलून पिनेची टोके आतून चमच्याने वाकवायची. पाच मिनिटांचे काम आहे. पण पावसाळ्यात पिना गंजतात आणि घडीवर तांबडे डाग पडतात. पुस्तिका टिकवायची असेल तर दोऱ्याने शिवा.

इथे सासूबाई मैदानात उतरल्या. तोवर त्या लांबूनच पाहत होत्या. माझी बारीक सुई आणि साधा दोरा पाहून त्यांना राहवले नाही.

"हे काय ब्लाउज शिवायचंय? आण तो गोधडीचा दोरा. आणि दाभण कुठंय?"

पद्धत अशी. घडीवर आतल्या बाजूने तीन खुणा करा. एक मधोमध, दोन दोन्ही टोकांपासून साधारण तीन सेंटिमीटर आत. दाभणाने किंवा टोच्याने तिन्ही ठिकाणी मुखपृष्ठासकट भोके पाडा. खाली जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी ठेवा म्हणजे टेबल वाचेल. साठ-सत्तर सेंटिमीटर जाड दोरा घ्या आणि मेणबत्तीवरून ओढा, म्हणजे तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, दोऱ्याचे दहा सेंटिमीटर टोक आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकात शिरा. आतून मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर या. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोके आत आली. लांब टाक्याच्या एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरे, असे ठेवून दोरा ताणा आणि त्या टाक्यावर घट्ट गाठ मारा. ताणताना दोरा घडीच्या रेषेतच ओढा. वर उचलून ओढलात तर कागद फाटतो, हे मी एका मुखपृष्ठाचा बळी देऊन शिकले.

शिवून झाल्यावर आतली पृष्ठे बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे आलेली दिसतील. सहा कागदांत ते जाणवत नाही, पण वीस कागद एकात एक घातले तर दीड-दोन मिलिमीटरची पायरी दिसते. स्टीलची पट्टी धरून धारदार कटरने ती कापता येते, पण हे काम मोठ्यांनी करावे. वीसपेक्षा जास्त कागद मात्र एका घडीत कोंबू नका. तेव्हा चार-चार कागदांचे वेगळे गठ्ठे करून ते एकमेकांना शिवावे लागतात. जुने बाइंडर अशा गठ्ठ्याला जुज म्हणत आणि या शिवणीला जुजबंदी. ते करायची हौस असेल तर गावातल्या एखाद्या बाइंडरकडे तासभर बसून शिकावे. वाचून ते जमत नाही, मी प्रयत्न केला आहे.

दोन कोरी पृष्ठे

खेळताना वारंवार लागणारे तक्ते मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूंना चिकटवावेत, म्हणजे शोधाशोध होत नाही. पात्रांची माहिती लिहायचे कागद पुस्तिकेत शिवू नका, ते सुटेच हवेत, कारण त्यांवर सारखे खोडावे लागते.

वीस बाजूंचा फासा नव्हता म्हणून मुलगा अडून बसला होता. ऑनलाइन मागवला तर चार दिवस लागणार. मी हाऊजीचा डबा काढला, त्यातले १ ते २० चे आकडे वेगळे केले आणि एका पिशवीत टाकून दिले. फासा टाकायच्या ऐवजी आकडा काढायचा, पाहून परत पिशवीत टाकायचा. त्याला ते हास्यास्पद वाटले. पण १९७९ मध्ये फाशांची टंचाई झाली तेव्हा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या कंपनीनेही आपल्या खोक्यात फाशांऐवजी आकड्यांचे तुकडेच घातले होते. हे त्याला दाखवल्यावर पिशवीला मान मिळाला.

राहता राहिली शेवटची दोन कोरी पृष्ठे. लेकीला इंग्रजी नियम भराभर वाचता येत नाहीत आणि वाचताना मोठी मुले हसतात, म्हणून ती गप्प बसते, हे मला तोवर माहीत नव्हते. पुस्तक मोबाइलमध्ये होते तेव्हा ते कधी तिच्या हातात आलेच नव्हते. आम्ही दोघींनी बसून त्या दोन पृष्ठांवर मुख्य नियम मराठीत लिहून काढले. ताकद, चपळाई, मनोबल. दहा खण. आकडा गुणाएवढा किंवा कमी आला तर वाचलास. जखमेचा फासा कोणता, विश्रांती कधी. भाषांतराला परवाना मोकळा होता, खाली कर्त्याचे नाव आणि परवान्याची ओळ लिहिली. मग ती दोन पृष्ठे झेरॉक्स करून दुसऱ्या प्रतीतही डकवली.

पुढच्या रविवारी टेबलावर दोन पुस्तिका होत्या. नियमावरून वाद झाला तेव्हा मुलाने पुस्तिका उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तर लेकीने आपल्या पृष्ठांवर बोट ठेवून त्याच्या आधी उत्तर दिले. तेही बरोबर. सासूबाई भाजी निवडत बाजूला बसल्या होत्या. तासाभराने त्यांनी विचारले, "त्या चोराकडं दोर आहे ना? मग विहिरीत उतरत का नाही तो?" त्यांना एक पात्र द्यावे लागले. त्यांच्या पात्राच्या दहा खणांपैकी चार खणांत शिधाच आहे आणि अरण्यात अजून तरी कोणी उपाशी राहिलेले नाही.

मोबाइल सुटला असे मी म्हणणार नाही. रात्री तो अजूनही हातात असतो आणि त्यावरून आमची बाचाबाचीही होते. फरक एवढाच पडला आहे की "नियम वाचतोय" असे मुलगा म्हणाला की मी पुस्तिका त्याच्यापुढे सरकवते. खरेच नियम वाचायचे असतील तर तो ती घेतो.

आता त्याला त्या ४०३ पृष्ठांच्या संग्रहातले जादूमंत्रांचे प्रकरण तेवढे छापून हवे आहे. सगळे नको, त्यांच्या जादूगाराला लागणारेच, असा करार झाला आहे. ते पृष्ठ मोठ्या आकाराचे असल्यामुळे ए-फोरवर पूर्ण छापून सुटेच ठेवावे, असे माझे मत. सासूबाईंचे मत मात्र वेगळे आहे. त्यांनी गोधडीच्या दोऱ्याची दोन नवी रिळे आणायला सांगितली आहेत.